आधी हजेरी

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

घटस्थापना. सणामुळे मानसोपचाराची ओपीडी रिकामी असेल असं वाटलं होतं, पण बाक भरलेले. डॉक्टर आठवड्यातून एकदा खोपोलीला येतात, तपासतात, गोळ्या लिहून देतात. बाकीचे दिवस मी बघते. माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे झोप, जेवण, औषध असे रकाने आहेत, शेवटचा रकाना कामाचा. आधीचे हळूहळू भरत जातात, शेवटचा बहुतेकांचा कोराच राहतो.

आज एक फिटर आले, बायकोबरोबर. वय अठ्ठेचाळीस. कारखाना बंद झाला, हिशेब मिळाला, त्यातून घराचं छप्पर झालं आणि मुलीच्या कॉलेजची फी भरली. तेव्हापासून घरीच. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बाजारात जातात ते दिवे लागल्यावर. "दिवसा गेलं की माणसं विचारतात, आज सुट्टी काय? रोज काय सांगायचं?" लग्नाकार्यालाही जाणं सोडलंय, कारण तिथेही तोच प्रश्न, फक्त जेवणाच्या पंगतीत.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली, समजावून सांगितलं. उठताना वहिनींनी विचारलं, "गोळीनं झोप येईल, ते बरंच हाय. पण गोळीनं काम मिळंल का?"

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "हा प्रश्न तुमच्या वहीत लिहून ठेवा."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री तोच विचार. या पट्ट्यात काम म्हणजे नुसता पगार कधीच नव्हता. टाटांचं वीजघर खोपोलीत १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली आणून मुंबईला वीज. वीज, पाणी आणि रेल्वे एकाच ठिकाणी मिळाल्यावर पोलाद, पाइप, कागद, रसायनं असे कारखाने आले. घरातली जेवणं, झोपा, मुलांचे अभ्यास पाळीप्रमाणे ठरू लागले. तिकडे रसायनीत हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स. कंपनी १९६०ची. मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले बहुतेक प्लँट बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लँट तेवढा इस्रोकडे द्यायचं ठरलं.

कारखाना बंद पडला की माणसाचं काय होतं, याचा सुरुवातीचा एक बारकाईचा अभ्यास ऑस्ट्रियात झाला. व्हिएन्नाजवळच्या मारिएनताल गावातली कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गावच बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. त्यांनी घरचे खर्च लिहिले, मुलांचे डबे पाहिले, खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणारे घटले. वेळ हवा तेवढा, पण हातून काही होत नाही, असं दृश्य. १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे याहोडाबाईंनी मांडलं की पगाराशिवाय काम माणसाला आणखी पाच गोष्टी देतं: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, मिळून काही करतोय ही जाणीव, चारचौघांत ओळख आणि हातापायांना चाळा.

फिटरभाऊंना मिळालेल्या हिशेबात पगार, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा सगळं होतं. या पाच गोष्टी त्यात कुठल्याच ओळीत नव्हत्या.

७ ऑक्टोबर, सोमवार

सोमवारची बैठक. वाचनालयाची मागची खोली दुपारी मिळते. आज नऊ जण. बहुतेक कंत्राटातून सुटलेले, दोघे मोठ्या आजारातून सावरणारे, एक डिप्लोमा करून वर्षभर बायोडाटा वाटत फिरणारा.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात बेकारांसाठी एक कार्यक्रम तयार केला होता. नोकरी शोधण्याचं कौशल्य आणि मन सांभाळणं, दोन्ही एकाच वर्गात. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे नकाराची तालीम. नकार येणारच, तेव्हा तो आधीच खोलीत आणायचा, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं तेही ठरवून ठेवायचं. त्यांच्या चाचण्यांत हा वर्ग केलेल्यांना कामं लवकर लागली आणि उदासीही कमी झाली.

तीच तालीम आज केली, मी ठेकेदार झाले. "मधली तीन वर्षं कुठे होतात?" पहिल्याने थाप मारली आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडकला. दुसऱ्याने आजाराची सगळी कथा सांगितली, गोळ्यांच्या नावांसकट. शेवटी सगळ्यांनी मिळून एक वाक्य बनवलं: "तब्येतीमुळे थांबलो होतो, उपचार घेतले, आता रोज येऊ शकतो." तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि शेवटची ठेकेदाराला हवी असलेली. आळीपाळीने सगळ्यांनी ते मोठ्याने म्हटलं. तिसऱ्या फेरीपर्यंत आवाज सुटले.

मग ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा विषय. बहुतेकांच्या पगारातून वर्षानुवर्षं कपात झालेली, पण हक्क माहीत नाहीत. कारखाना बंद पडून किंवा नोकरकपातीत काम गेलं तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा भत्ता, दुसरं वर्ष पाव. वर्गणीचं रेकॉर्ड पुरेसं लागतं. स्किझोफ्रेनियासारखा आजार कामावर असताना झाला तर वाढीव आजारपण भत्त्याच्या यादीत तो येतो आणि पगाराच्या ऐंशी टक्के मिळू शकतात. एक जण डोकं धरून बसला. "पोरानं तेव्हा राजीनामा लिहून दिला, ताई. आम्ही म्हटलं, गपचूप सुटूया."

१० ऑक्टोबर, गुरुवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. काल रात्री रतन टाटा गेले. ओपीडीबाहेरच्या टीव्हीवर तेच चालू होतं आणि वीजघरातून निवृत्त झालेले एक आजोबा टोपी काढून उभे होते.

यंदा जागतिक आरोग्य संघटनेने या दिवसाचा विषय 'कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य' असा ठेवलाय. आमच्या कार्यक्रमात भाषणं ताणावर झाली: ईमेल, टार्गेट, बॉस. ज्यांना कामाचं ठिकाणच नाही, ते मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवत होते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहिला. बरोबर दोन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी ती सेवा सुरू झाली. फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. बहुतेकांनी लिहून घेतला, "भावासाठी" असं सांगून.

कार्यक्रमानंतर एका ठेकेदाराला गाठलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "ताई, माणूस पूर्ण बरा करून पाठवा, मी लगेच लावतो. फिरत्या मशीनवर त्याला गुंगी आली तर जबाबदारी कोणाची?" गुंगीचा प्रश्न खरा आहे. काही गोळ्यांनी ती येते, विशेषतः सकाळी. पण मशीनवर नको म्हणजे कुठेच नको, असं नाही. आणि "पूर्ण बरा" हा शेरा कोण देणार? मधुमेहाच्या माणसाला कोणी विचारत नाही, साखर कायमची गेली का म्हणून.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. फिटरभाऊंच्या घरी गेले. वहिनींनी पाटावर हत्यारं मांडलेली: पान्यांचा संच, व्हर्निअर, लेव्हल बॉटल, लाकडी पेटीतला मायक्रोमीटर. झेंडूची माळ, हळदकुंकू. भाऊ पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर. "तुम्हीच करा पूजा, ते येत नाय."

आपट्याची पानं द्यायच्या निमित्ताने आले. उभ्याउभ्या मायक्रोमीटर उचलला, रॅचेट फिरवली, शून्य बघितलं, भुवई उंचावली. मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा बघितलं. मऊ फडक्याने टोकं पुसून तिसऱ्यांदा. "आता जुळला," म्हणाले, आणि तिथेच बसले. मी आठवड्याचा तक्ता काढला. त्यात मनःस्थितीबद्दल एकही प्रश्न नाही. रोज दिवसाउजेडी एकदा घराबाहेर पडायचं आणि रोज एक वस्तू दुरुस्त करायची. इच्छा व्हायची वाट पाहायची नाही, वेळ झाली की करायचं. शेजारच्या मिक्सरपासून सुरुवात ठरली. त्यांनी विचारलं, "त्याचे पैसे घ्यायचे का?" "घ्यायचे," मी म्हटलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कर्जत

सकाळच्या लोकलने कर्जत. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं.

कर्जतमध्ये 'डोक्याचे पेशंट' म्हटलं की लोक वेणगावकडे हात दाखवतात. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था १९८८ची, इथलं केंद्र २००६पासूनचं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, नाव-गाव आठवू लागलं की घरी पोचवायचं. २०१८मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळालं, तोपर्यंत अशा सात हजारांहून अधिक लोकांवर उपचार करून त्यांना परत पाठवलं गेलं होतं. लांबून वाट चुकून आलेला माणूस घरी जाऊ शकतो, हे या तालुक्याने डोळ्यांनी पाहिलंय. घरी गेल्यावर त्याच्या हाताला काम काय, हा पुढचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या गावाचा.

मी गेले होते कशेळेच्या बाजूच्या एका गावात. मुलगा सव्वीस वर्षांचा, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. स्किझोफ्रेनिया. तीन वर्षं औषध चुकलेलं नाही. आवाज अधूनमधून येतात, "पण लांबून, शेजारच्या घरातला रेडिओ असावा तसे," तो म्हणतो. आईने घरातले कोयते-विळे पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवलेत. भात कापायला मजूर मिळत नाहीत आणि घरात तरुण पोरगा पडवीत बसलेला.

"काम करायचंय मला," तो म्हणाला.

"पूर्ण बरा हो, मग कर," आई म्हणाली.

ठेकेदार आणि आई, दोघांचं वाक्य एकच. एकाचं भीतीतून, एकीचं मायेतून.

अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला, न्यू हॅम्पशरमध्ये, १९९०च्या दशकात. त्याआधीची रीत अशी होती: मेणबत्त्या-पाकिटं बनवायच्या कार्यशाळेत बसवा, तयार झाला की नोकरी. तो तयार कधी व्हायचाच नाही. यांनी ठरवलं, ज्याला काम हवंय त्याला थेट खरं काम शोधून द्यायचं, खऱ्या पगाराचं, त्याच्या आवडीचं. लक्षणं उरलीत म्हणून कोणाला वगळायचं नाही. काम शोधणारा माणूस डॉक्टरांच्याच टीममध्ये बसवायचा आणि नोकरी लागल्यावर साथ सोडायची नाही. पुढे बऱ्याच देशांत चाचण्या झाल्या. जुन्या पद्धतीच्या सुमारे दुपटीने लोक कामाला लागलेले दिसले.

आईला यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, उद्या तुम्ही बांधावर बसा आणि त्याला एक विळा द्या. दोन तास."

२३ ऑक्टोबर, बुधवार

कशेळेकडच्या मुलाने चार दिवस भात कापलं. पहिल्या दिवशी दोन तास, शेवटच्या दिवशी सकाळपासून चहापर्यंत. आई म्हणते, रात्री घोरत होता. गोळी मात्र झोपताना घेतो, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत जड असतो. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी संध्याकाळी आठला, जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. कामाची वेळ आणि गोळीची वेळ एकाच फोनवर ठरते, ती अशी.

अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारत होता. २०१६च्या कायद्यात मानसिक आजार येतो. सरकारी पदांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून. दाखल्यासाठी मोजमाप होतं ते स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबींवर. चाळीस टक्के भरले तर लाभ. गंमत अशी की माणूस कामाला लागला की चौथ्या बाबीतले गुण घसरतात. सावरायला लागलेल्याने दाखला धरावा की नोकरी, असा पेच कागदच घालतो. त्याने दोन्हींचा हिशेब मांडला, बी.कॉम.वाला खरा, आणि म्हणाला, "आधी नोकरी बघू. दाखल्यासाठी अलिबागला जायला खाडा पडला तरी चालेल असं काही आधी असू दे."

२६ ऑक्टोबर, शनिवार

रिसॉर्टवाल्यांना दिवाळीच्या गर्दीला माणसं हवी आहेत. स्टोअरमध्ये एक जागा: चादरी, टॉवेल, साबण, किराणा, आवक-जावक. वेळ दहा ते सात. काय सांगायचं, किती सांगायचं, हे त्या मुलानेच ठरवलं. आजाराचं नाव नाही. रोज औषध आहे, रात्रपाळी नको, महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जावं लागतं.

सुपरवायझरने त्याच्याकडे बघितलं. "दारू पितोस?"

"नाय."

"मग चालेल. उद्यापासून ये."

तालुक्यातल्या सगळ्या मालकांची भीती मी महिनोन्‌महिने मनात तोलत होते. या माणसाची भीती वेगळीच निघाली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज उलटल्यावर एक बाई आल्या, छातीत धडधड घेऊन. ईसीजी दोनदा झाला, दोन्ही चांगले. बोलता बोलता कळलं की फार्महाऊसवर झाडलोट-स्वयंपाकाचं काम होतं, मालकांनी जागा विकली, काम गेलं. "मग तुमची नोकरी गेली," मी म्हटलं. त्या दचकल्या. घरात असं कोणी म्हटलंच नव्हतं. नवऱ्याचं काम गेलं तेव्हा नातेवाईक भेटायला आले होते. यांचं गेलं तेव्हा सासू म्हणाली, बरं झालं, आता घरात लक्ष राहील.

मारिएनतालच्या बायकांचे दिवसही भरलेलेच होते. गिरणी बंद पडली तरी चूल, पाणी, मुलं थांबत नाहीत, म्हणून पुरुषांसारखं रिकामपण दिसत नाही. गेलेलं असतं ते घराबाहेरचं: स्वतःच्या हातात येणारा पैसा, बरोबरीच्या बायका, येताजाताचं बोलणं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, त्याचा आधार आहे. पण दीड हजारांबरोबर सकाळी कोणी हाक मारत नाही. सोमवारच्या बैठकीला बोलावलं. "पुरुष असतात का तिथे?" असतात. "मग शेजारणीला आणते." बैठकीत आता बायका असतील, हे मला जमलं नसतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला होता. "ताई, पोरगा स्टोअरमध्ये एकटाच बोलतोय. काम चोख आहे, पण बाकीची पोरं घाबरलीत."

दिवाळीच्या गर्दीत रात्री नऊ-दहा वाजत होते. जेवण उशिरा, मग गोळी उशिरा, मग सकाळी जड, म्हणून काही दिवस त्याने गोळीच टाळली. नोकरी टिकवण्यासाठी औषध सोडलं, असं त्याचं गणित. डॉक्टरांशी बोलणं झालं, डोस पूर्ववत, दोन दिवस रजा. सुपरवायझरला मी एकच मागितलं: सात म्हणजे सात. तो म्हणाला, "तेवढं मीच सांभाळायला हवं होतं, ओव्हरटाइमला पोरगा कधी नाय म्हणाला नाय, म्हणून धकवत राहिलो." आज तो पोरगा परत हजर झाला, आणि चादरींच्या मोजणीत कोणाचा तरी घोळ पकडला म्हणून खूश होता.

आधी पूर्ण बरा आणि मग नोकरी, या हिशेबाने आज त्याची नोकरी गेली असती आणि आजार वाढला म्हणून सगळ्यांनी मान डोलावली असती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. फिटरभाऊ भर दुपारी रांगेत उभे होते, वहिनींनी मुद्दाम सांगितलं. मिक्सर, पंखे, दोन पाण्याच्या मोटारी दुरुस्त झाल्यात. पाताळगंगेच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे फिटरची जागा होती, पगार पूर्वीच्या जेमतेम निम्मा, आणि सुपरवायझर म्हणजे यांच्याच हाताखाली शिकलेला हेल्पर. भाऊंनी साफ नकार दिला. मी आग्रह केला नाही. खाली मानेने जायला लावायचं आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं, हे मला मान्य नाही.

परवा तो हेल्परच घरी आला. "उस्ताद, पंपाचं सील महिन्यात तीनदा बदललं, टिकत नाय. तुम्ही एकदा बघता का?" भाऊ गेले. दोष सीलमध्ये नव्हता. मोटर आणि पंपाची रेघ जुळत नव्हती, अलाइनमेंट. आता ठरलंय असं: शटडाऊन असेल तेव्हा ते जाणार, रोजावर, रोजंदारी त्यांनी स्वतः सांगितलेली. कायम नोकरी नाही, पीएफ नाही. डिसेंबरात काम आहे, जानेवारीचं माहीत नाही. गोळी चालू आहे. पहाटे तीनची जाग आता पाचवर आलीय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कामाच्या रकान्यात आता काही ओळी भरल्यात. तोच आज नवा घोळ झाला. स्टोअरवाला आला नाही, भाऊ आले नाहीत, सोमवारच्या बैठकीतला डिप्लोमावाला आला नाही. फोन केले. तिघेही कामावर. आमची ओपीडी सकाळी अकराची. यायचं तर खाडा, रोजावर असलेल्याला त्या दिवसाचा पैसा नाही, नव्याने लागलेल्याला सुपरवायझरची मनधरणी. म्हणजे काम धरलं की औषध सुटणार, आणि औषध सुटलं की काम.

डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी डायरी उघडली, घरी फोन केला, थोडा वेळ तिकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारपासून संध्याकाळी सहा ते आठ." कर्जतकडच्यांचे नंबर आधी घ्यायचे, त्यांना परतीची लोकल गाठायची असते. नव्या वेळेची पाटी उद्या रंगवून घ्यायची आहे, आणि ठेकेदारांनाही कळवायचं आहे, की आता त्यांच्या माणसांचे खाडे पडणार नाहीत.